किंडरचं अंडं: तुमच्या घरचे किस्से लिहा

परवा भाचीने किंडर जॉय उघडलं, खेळणं घेतलं आणि चॉकलेटची बाजू माझ्या हातात कोंबून पळाली. म्हणजे हा खाऊ कुणासाठी आहे?

थोडा इतिहास. इटलीत ईस्टरला पोकळ चॉकलेटच्या अंड्यात भेटवस्तू दडवतात. ही मजा वर्षभर का नको, असं फेरेरो या इटालियन चॉकलेट कंपनीच्या मिकेले फेरेरोंच्या मनात आलं. त्यांचे सहकारी विल्यम सालिचे यांनी ते प्रत्यक्षात उतरवलं आणि १९७४ मध्ये किंडर सरप्राइझ, म्हणजे किंडरचं मूळचं अंडं, आलं. खेळण्याची आतली डबी पिवळी, कारण तो बलक! आता तुम्ही लिहा.

म्युनिककर: इथे ते मूळचं अंडं मिळतं, बाहेरून चॉकलेट, आतून पांढरा थर. लेक दुकानात अंडं कानाशी धरून खुळखुळवतो, आत काय ते ओळखायला. आजवर एकदाही ओळखता आलेलं नाही. खेळणं सुट्या भागांत निघतं. जोडायचं बाबाने, हरवायचं त्याने.

न्यू जर्सीची ताई: आमच्याकडे ते अंडं चालत नाही. १९३८ च्या कायद्यानुसार खाऊच्या पोटात न खाण्याची वस्तू घालता येत नाही. जर्मनीहून येणाऱ्या भावाला मी आधीच बजावलं होतं, "बाबा रे, बॅगेत अंडी नकोत." किंडर जॉयमध्ये खेळणं वेगळ्या अर्ध्यात असतं, म्हणून २०१७-१८ पासून ते इथे आलं.

नागपुरी: मे महिन्यात आमच्याकडे चॉकलेटचं कवच टिकेल का हो? पिशवीतच त्याची रबडी! जॉयमध्ये मुळातच मऊ क्रीम, वर दोन कुरकुरीत गोळे आणि चमचा. आमची पोरगी मात्र निळंच मागायची. गुलाबीत गाडी निघत नाही, असं तिचं ठाम मत.

बारामतीकर: मंडळी, तुमच्या हातातलं किंडर जॉय बहुतेक आमच्या गावचं. फेरेरोचा कारखाना २०११ पासून आमच्या एमआयडीसीत आहे. पाहुणे आले की ठरलेला प्रश्न, "तुम्हाला फुकट मिळत असतील?" नाही हो! आम्हीही दुकानात पोराच्या हट्टापुढे पाकीट काढतो.

म्युनिककर (पुन्हा): एक राहिलंच. आई इथे तीन महिने राहून गेली. जाताना कपडे कमी आणि पिवळ्या डब्या जास्त नेल्या. एकीत टिचबटणं, एकीत हुक, एकीत सुया. आता फोनवर विचारते, "नातू अंडी खातोय ना नीट?"