बिनरंगी मेसरश्मिट २६२: अंगावरचे आकडे आणि पट्टे कसे वाचायचे?

पत्रा_आणि_गोंद: मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन जेट लढाऊ विमानाचं, मेसरश्मिट २६२ चं, १/४८ मापाचं मॉडेल करतोय. रंगवून तयार झालेलं नको, १९४५ च्या वसंतात कारखान्यातच राहिलेलं हवंय. फोटोंत उघड्या पत्र्यावर आडवे-उभे फिकट पट्टे दिसतात. ते कॅमुफ्लाजचे का? शिवाय एका भागावर ८-२६२ ने सुरू होणारा लांबलचक आकडा आहे. हाच विमानाचा नंबर ना?

ओझरचा_फिटर: पट्टे रंगाचे नाहीत, लांबी (म्हणजे पुट्टी) भरलीय ती. पत्र्यांचे सांधे आणि रिव्हेटच्या ओळी बुजवून घासायचे, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या वर जाताना हवेला कुठे अडायला नको. रंग चढला की सगळं झाकलं जायचं. तुझ्या फोटोत ते काम मध्येच थांबलंय. पट्टे पट्टीने आखल्यासारखे करू नकोस. कडा हाताने पुसल्यासारख्या, कुठे रुंद, कुठे अरुंद. नाकाचा भाग पोलादी पत्र्याचा, तिथे ॲल्युमिनियमची चमक देऊ नकोस.

आता आकडा. ८-२६२ हा जर्मन विमान मंत्रालयाने या प्रकाराला दिलेला क्रमांक. ८ विमानाचा. जेट इंजिनांना १०९. या विमानातलं युमो इंजिन म्हणजे १०९-००४. पुढचे आकडे त्या सुट्या भागाचे, म्हणजे तोच आकडा दुसऱ्या विमानाच्या त्याच भागावरही सापडेल. विमानाचा स्वतःचा नंबर म्हणजे वेर्कनुमर, उभ्या शेपटीवर सहा आकडी.

गरुडाचा छोटा शिक्का दिसला तर तो सरकारी तपासनिसाचा. मी आयुष्यभर विमानाच्या पत्र्यावर काम केलं. तपासनिसाने शिक्का मारल्याशिवाय पुढच्या माणसाने जोडाला हात लावायचा नाही, ही शिस्त मला फार ओळखीची आहे.

निळं_आकाश: काका, वेर्कनुमर १११७११ म्हणजे एवढी विमानं झाली?

ओझरचा_फिटर: छे! एकूण झाली १४०० च्या थोडी वर. नंबर गटागटाने वाटायचे, मध्ये मोठ्या फटी सोडून, म्हणजे शत्रूला उत्पादनाचा हिशेब लागू नये. तू म्हणतोस ते १११७११ तर प्रश्नकर्त्याने मुद्दाम पाहावं असं आहे. ३० मार्च १९४५ ला मेसरश्मिटचा चाचणी वैमानिक हान्स फाय ते घेऊन फ्रँकफुर्टच्या ऱ्हाइन-माइन तळावर अमेरिकनांच्या ताब्यात गेला. विमान रंगवलेलंच नव्हतं, त्यामुळे लांबीचे पट्टे फोटोंत स्वच्छ दिसतात.

पत्रा_आणि_गोंद: वा, हेच हवं होतं. मग खाली काँक्रीटचं हँगर दाखवू?

ओझरचा_फिटर: त्यापेक्षा जंगल दाखव. लाइपहाइमजवळ बुर्गाऊच्या जंगलात झाडांखाली जोडणी चालायची आणि शेजारचा ऑटोबान, म्हणजे जर्मन महामार्ग, धावपट्टी म्हणून वापरायचे. पण माणसं ठेवणार असशील तर एक विचार कर. तिथे डाखाउ छळछावणीचे कैदी राबवले, बुर्गाऊला तिचीच उपछावणी होती. नुसते टापटीप ओव्हरॉल घातलेले जर्मन मेकॅनिक उभे केलेस तर ते दृश्य खोटं होईल. मला ते बघवणार नाही.

पत्रा_आणि_गोंद: कळलं काका. माणसं ठेवत नाही, पण पाटीवर बुर्गाऊ आणि कैद्यांचा उल्लेख करतो.

ओझरचा_फिटर: कर. आणि शेपटीवरचा नंबर एकाच विमानाच्या फोटोवरून घे, दोन फोटोंतले तुकडे जोडू नकोस.