ग्राफीनच्या आर्पेस मोजणीत डिराक शंकूची एक भुजा दिसतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सिलिकॉन कार्बाइडवर वाढवलेल्या एकपदरी ग्राफीनची (कार्बन अणूंच्या एका थराची) बँड रचना, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा तरंगसदिशाप्रमाणे कशी बदलते ते, आर्पेसने मोजते आहे; यात प्रकाशाने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि कोन मोजतात. तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे. आमच्याकडे हे काम याआधी कोणी केलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

प्रकाशस्रोत हेलियमचा दिवा. आधी २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा वापरत होते, पण के बिंदू (तरंगसदिशांच्या नकाशावर डिराक शंकू असतो ती जागा) गामापासून, म्हणजे त्या नकाशाच्या केंद्रापासून, १.७० प्रतिआंगस्ट्रॉम लांब. तिथवर जायला नमुना ५४ अंश वळवावा लागायचा आणि सिग्नल अगदी क्षीण व्हायचा. आता ४०.८ वर ३३ अंशांतच भागतं. नमुना निर्वातात तापवून स्वच्छ केला आहे. पाय (π) बँड एकच दिसतो आणि डिराक बिंदू (शंकूचे वरचा-खालचा भाग जिथे मिळतात तो) फर्मी पातळीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जेच्या, ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली येतो, त्यामुळे पदर एकच आहे याची मला खात्री आहे.

अडचण अशी, की गामा–के दिशेच्या छेदात बँड गामाकडून चढत येतो, के ओलांडतो आणि तसाच वर फर्मी पातळीपर्यंत जातो. शंकूच्या छेदात दोन भुजांची फुली दिसायला हवी, पण तिची दुसरी रेघ नाहीच! रात्रभर मोजूनही तिथे पार्श्वभूमीखेरीज काही आलं नाही. शिवाय के पाशी वरचा आणि खालचा भाग जुळत नाहीत, मध्ये साधारण पाव इलेक्ट्रॉनव्होल्टची फट राहते. २००७ मध्ये अशाच नमुन्यांत ०.२६ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट असल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने डिराक बिंदूजवळची वळणं इलेक्ट्रॉन-प्लास्मॉन आंतरक्रियेची मानली (प्लास्मॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांचं सामूहिक आंदोलन). माझी फट यांपैकी कशात बसते, की नमुनाच खराब आहे?

प्रतिसाद १

नमुना टाकून देऊ नका. हरवलेली रेघ हा दोष नाही. ग्राफीनच्या एकक कोशात कार्बनचे दोन अणू असतात. दोघांकडून निघालेल्या इलेक्ट्रॉन लहरी गामा–के रेषेवर एका भुजेसाठी एकमेकींना पुसून टाकतात. याला डार्क कॉरिडॉर म्हणतात. कितीही वेळ मोजलंत तरी तिथे उजेड पडणार नाही. के वरच राहून छेद ९० अंशांत फिरवा, दोन्ही भुजा सारख्या उजळ दिसतील.

फटीचं मात्र आधी गणित करा. वेग साधारण १० लाख मीटर प्रतिसेकंद धरला, तर ऊर्जा आणि तरंगसदिश यांचं गुणोत्तर सुमारे ६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट-आंगस्ट्रॉम येतं. छेद के पासून नुसता ०.०२ प्रतिआंगस्ट्रॉम बाजूला गेला तरी ०.२६ ची खोटी फट दिसते. तुमच्या ऊर्जेला ही चूक अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. प्लास्मॉनकडे वळण्याआधी झुकाव ०.१ अंशाच्या पायऱ्यांनी बदलून फट सर्वांत लहान कुठे होते ते बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार. छेद फिरवल्यावर दोन्ही भुजा दिसल्या, तेव्हा फार आनंद झाला. झुकाव ०.३ अंश चुकला होता. तो दुरुस्त केल्यावर फट निम्म्याहून कमी झाली, पण पूर्ण मिटली नाही. माझ्या विश्लेषकाचं (इलेक्ट्रॉनांचा कोन आणि ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचं) कोनीय विभेदन ०.२ अंश आहे. उरलेली फट केवळ त्यामुळे दिसते आहे का, हे नवा नमुना न वाढवता कसं तपासू?