विमान उडवायचा पहिला धडा : तुमचा अनुभव लिहा

पहिल्या सोलो उड्डाणाबद्दल सगळे भरभरून लिहितात. त्याच्या कितीतरी आधी, प्रशिक्षकांशेजारी बसून घेतलेला पहिला धडा मात्र लॉगबुकातल्या एका ओळीत संपतो. माझ्या मते हाताला आणि नजरेला लागणाऱ्या पुढच्या सगळ्या सवयी त्या एका ओळीत असतात, म्हणून हा धागा. विमान, ग्लायडर, हेलिकॉप्टर, काहीही चालेल. पुढे लायसन्स काढलंत की नाही याचाही प्रश्न नाही. फक्त 'खूप मजा आली' एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय शिकवलं आणि हाताला काय जाणवलं, तेही येऊ द्या.

सुरुवात मी करते. माझा पहिला धडा बराच वेळ जमिनीवरच चालला. दोन सीटचं सेसना १५२ होतं. सरांनी चेकलिस्ट हातात दिली आणि विमानाभोवती फेरी मारायला लावली. पंखाखालच्या ड्रेनमधून पारदर्शक नळीत थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड असल्यामुळे नळीच्या तळाशी वेगळं दिसतं. पण सर म्हणाले, "आधी रंग बघ, थर नंतर." नळीभर निव्वळ पाणीच आलं तर थर दिसणारच नाही! हे ऐकल्यावर त्या फेरीकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. चेकलिस्टमधल्या प्रत्येक ओळीमागे असं काहीतरी कारण असतं. पिटो ट्यूबचं (वेग मोजायच्या नळीचं) छिद्र किड्याने बुजवलं तर वेग चुकीचा दिसतो. इंजिन बंद असलं तरी प्रोपेलर चालू आहे असंच समजून वागायचं, कारण ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही आणि प्रोपेलर हाताने फिरवला तरी ठिणगी पडू शकते. त्या दिवशी हवेत काय काय केलं त्यातलं निम्मं विसरले, ही फेरी मात्र जशीच्या तशी लक्षात आहे.

*

छान विषय. मला आठवतात ती पेडल्स. जमिनीवर विमान हाताने वळत नाही, पायांनी वळतं. समोरचं योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, कितीही फिरवा, टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) नाक हलत नाही. आमच्या मॅडमनी सरळ सांगितलं, "हात मांडीवर ठेव." टॅक्सी-वेची पिवळी रेघ नुसत्या पायांवर धरायची, आणि ब्रेक त्याच पेडल्सच्या वरच्या टोकाला.

मग टेक-ऑफ. थ्रॉटल पूर्ण पुढे गेला तसं नाक डावीकडे ओढलं जायला लागलं आणि कानात एकच शब्द, "राइट रडर!" म्हणजे उजवं पेडल दाब. कारण नंतर फळ्यावर समजावलं. कॉकपिटमधून बघताना प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पिळत जाऊन शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते, शिवाय इंजिनाचा पीळ असतोच. वेग कमी आणि ताकद पूर्ण असते तेव्हा हे सगळ्यात जास्त जाणवतं. काही इंजिनं उलट फिरतात, तिथे डावा पाय. आधी पायांना कळलं आणि फळ्यावरची आकृती नंतर आली, हा क्रम मला फार योग्य वाटतो.

*

माझ्या धड्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे हात सोडणं. वर गेल्यावर विमान समतल केलं, ट्रिम लावला, म्हणजे छोटं चाक फिरवून योकवरचा दाब काढून टाकला. मग सरांनी योक थोडं मागे ओढून नाक वर नेलं आणि दोन्ही हात बाजूला घेतले. "आता बघत राहा, धरू नकोस." वेग कमी झाला, नाक आपोआप खाली गेलं. वेग वाढला, नाक पुन्हा वर आलं. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान. शेवटी विमान ज्या वेगाला ट्रिम केलं होतं तिथे परत येऊन शांत चालायला लागलं, कोणी हातही न लावता.

माझ्या मनातली भीती तिथे गेली. आपण धरलं नाही तर हे कोसळेल, असं मी धरून चाललो होतो. खरं तर बहुतेक वेळा ते आपल्या घट्ट पकडीमुळेच वरखाली होत असतं. त्यानंतर योक दोन बोटं आणि अंगठा एवढ्यावरच धरायला लावलं. हाताला सतत दाब जाणवत असेल तर जोर लावायचा नाही, ट्रिम फिरवायचा.

आणि हो, ताबा देण्याघेण्याची ती तीन वाक्यं! "यू हॅव कंट्रोल", "आय हॅव कंट्रोल", पुन्हा "यू हॅव कंट्रोल". ऐकायला जरा जास्तच औपचारिक वाटतं. पण दोघांनाही 'विमान समोरच्याच्या हातात आहे' असं वाटत राहण्यापेक्षा भयंकर काही नाही.

*

मी ग्लायडरवर शिकले. जमिनीवरच्या विंचवर (दोर ओढणाऱ्या यंत्रावर) लांब दोर गुंडाळला जातो आणि काही सेकंदांत तुम्ही जवळपास पाठीवर झोपून चढत असता. मग दोर सुटतो आणि नुसता वाऱ्याचा आवाज उरतो. इंजिन नसल्यामुळे पहिल्या धड्यापासून नाक आणि वेग यांचं नातं कानाने कळतं. नाक खाली की सळसळ वाढते, वर की मंदावते.

काचेवर बाहेरून लोकरीचा एक लहानसा धागा चिकटवलेला असतो. वळताना नुसती स्टिक डावीकडे नेली की नाक आधी किंचित उजवीकडे जातं, कारण वर उचलल्या जाणाऱ्या पंखाला हवेचा विरोध जास्त होतो. धाग्याचं शेपूट लगेच तिरकं होतं. ते ज्या बाजूला जाईल त्याच्या विरुद्ध बाजूचं पेडल द्यायचं. इंजिनच्या विमानात हेच काम समोरच्या वाकड्या नळीतला बॉल करतो, पण तिथे नियम वेगळा, बॉल ज्या बाजूला तोच पाय. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

*

हेलिकॉप्टरबद्दल थोडक्यात. हॉव्हर (हवेत एका जागी थांबणं) शिकवताना एका वेळी एकच कंट्रोल देतात. आधी पेडल्स, मग कलेक्टिव्ह (वर-खाली नेणारा दांडा), शेवटी सायक्लिक (पुढे-मागे आणि बाजूला नेणारी स्टिक). तिन्ही एकत्र हातात आले की एक हलवल्यावर बाकी दोन्ही सावरावे लागतात.

*

कोणी उलटीबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. होऊ शकते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर येते आणि लहान विमान चांगलंच हलतं. मला मळमळायला लागलं तसं प्रशिक्षकांनी हवेचा झोत चेहऱ्याकडे वळवला, नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगितली आणि विमान माझ्याच हातात दिलं. स्वतः उडवताना पुढची हालचाल आधीच कळलेली असते, त्यामुळे त्रास कमी होतो. माझा तर लगेच कमी झाला. पुढचे धडे सकाळी घेतले. सकाळची हवा शांत असते.

*

मी स्वतः शिकवतो, म्हणून दुसऱ्या सीटवरून दोन शब्द. पहिल्या धड्यात मी विद्यार्थ्याचे हात नाही, डोळे बघतो. घरी सिम्युलेटर उडवून आलेली मुलं हुशार असतात, पण त्यांची नजर यंत्रांवर खिळलेली असते. अशा वेळी मी यंत्रं कागदाने झाकतो. इंजिनाच्या झाकणाची कड आणि क्षितिज यांच्यात किती अंतर दिसतं, ते डोळ्यांत साठवायला सांगतो. ते अंतर टिकलं की उंची टिकते. आणि बाहेर बघणाऱ्यालाच दुसरी विमानं दिसतात.

*

लवकरच माझा पहिला धडा आहे. हे सगळं वाचून धीर आला. काय वाचून जाऊ?

*

(वरचाच प्रशिक्षक) जाड पुस्तक नको. एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर काय काय करतात एवढं बघा, आणि रेडिओवर अक्षरं सांगायचे शब्द, अल्फा-ब्राव्हो-चार्ली, पाठ करा. पहिल्या दिवशी रेडिओवरचं फारसं कळणार नाही, तुमच्या विमानाचं कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) ओळखू आलं तरी पुष्कळ. सर्दीने नाक बंद असेल तर धडा पुढे ढकला, उतरताना कान फार दुखतात. पातळ तळव्याचे बूट घाला, पेडल पायाला कळलं पाहिजे. गॉगल घेणार असाल तर पोलराइज्ड नको, त्यातून काही स्क्रीन काळे दिसतात.