ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी

प्रश्न: मंडळी, गेल्या महिन्यात गाडीत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला. इंजिन बंद असताना आवाज सुरेख, तानपुऱ्याची एकेक तार वेगळी ऐकू येते. गाडी सुरू केली की बारीक "कुंईईई", आणि ॲक्सिलरेटर दिला की ती चढत जाते. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी थांबत नाही. ॲम्प सीटखाली आहे, अर्थिंग सीटच्या बोल्टला. रोज पुणे-सातारा करतो, डोकं उठतं हो.

उत्तर: इंजिनाबरोबर चढते म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आवाज. आधी ॲम्पमधल्या आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) काढून बघा. शिट्टी गेली तर ती केबलवाटे आत येतेय.

उत्तर: सीटचा बोल्ट नकोच! रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थ घ्या, वायर अर्ध्या मीटरच्या आत. इंजिन चालू ठेवून ॲम्पचं निगेटिव्ह ते बॅटरीचं निगेटिव्ह मीटरने मोजा. ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग कच्चं. आयसोलेटर (आरसीएच्या मध्ये लावून असा आवाज अडवणारी डबी) घाईने लावू नका, स्वस्तातला बास खातो.

प्रश्नकर्ता: आरसीए काढल्यावर शांत! मीटरवर ०.३४ होतं, नवीन अर्थिंगनंतर ०.०५. शिट्टी निम्मी झाली. मग कार्पेट उचललं, तर आरसीए आणि बॅटरीची लाल वायर एकाच टेपात गुंडाळलेल्या! आरसीए डाव्या बाजूने फिरवली. काल खंबाटकी घाट चढलो, शिट्टी पार गेली. दोघांचे मनापासून आभार.