सुट्टीत क्लास नको, खो-खो लावा

अकरा वर्षांची मुलगी मोबाईल सोडत नाही, सुट्टीत कुठला क्लास लावू, असं एका पालकांनी विचारलंय. मी म्हणेन, सोसायटीतली पोरं गोळा करा आणि खो-खो सुरू करा. नऊ-नऊ जमले नाहीत तर सहा-सहा चालतील, मैदान आखायला चुन्याची फक्की मात्र हवी.

यात नुसती पळापळ नसते. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी, म्हणजे दोन खांबांमधली, त्याचे साथीदार बसतात ती पट्टी, ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांमधून कसाही निसटतो. म्हणजे खो देऊन पाठलाग कुठल्या बसलेल्या साथीदाराकडे आणि कधी सोपवायचा, हे क्षणात ठरवावं लागतं. शिवाय खो पाठीमागून, हात लावून आणि मोठ्यांदा द्यायचा! बुजरी मुलंसुद्धा चार दिवसांत ओरडायला लागतात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते, ती इथे सहज होते. डांबरावर खेळवू नका, गुडघे फुटतात. मातीच हवी.

आणि मुलीला जानेवारी २०२५ च्या खो-खो विश्वचषकातले सामने जरूर दाखवा. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला. त्यातली खांबावरची झेप बघून ती लगेच करायला जाईल, पण ती झेप तिला प्रशिक्षकाकडूनच शिकू द्या.