विषय: लहान गटासाठी हवामानाचे शब्द

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आपल्या मराठी वर्गातल्या लहान गटाला (वय ५ ते ७) हवामानाचे शब्द घ्यायचे आहेत. चित्रकार्डं तयार आहेत: ढग, पाऊस, ऊन, वारा, बर्फ. कार्ड दाखवलं की मुलं पटकन शब्द सांगतात. पण खिडकीबाहेर खरा पाऊस कोसळत असला तरी त्याबद्दल मराठीत एक वाक्य कुणी बोलत नाही. हस्तकला, खेळ, प्रयोग, काहीही चालेल. कुणी काय काय करून पाहिलं आहे?

लहान गटाची स्वयंसेवक

*

ताई, नमस्कार.

कार्डं असू द्या, पण ती सगळ्यात शेवटी काढा. हवामान अंगाला जाणवतं, कानावर पडतं, तेव्हा शब्दही त्याच वाटेने यावेत. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: नुसतं नाम शिकवू नका, त्याचं क्रियापद सोबत द्या. आपली मुलं सगळ्यालाच 'आहे' लावतात. पाऊस आहे, वारा आहे, थंडी आहे. यात चूक काही नाही, पण बोलणं तिथेच थांबतं. पाऊस पडतो, वारा सुटतो, धुकं दाटतं, आभाळ भरून येतं, वीज कडाडते, थंडी वाजते हे एकदा तोंडात बसलं की पुढचं वाक्य मूल स्वतःच जोडतं. 'वारा सुटला' म्हटल्यावर 'माझी टोपी उडाली' यायला वेळ लागत नाही.

माझ्या वर्गात सगळ्यात चालणारा खेळ म्हणजे हातांचा पाऊस. मुलांना गोल बसवा. 'आभाळ भरून आलं' म्हणत सगळ्यांनी तळहातावर तळहात घासायचा, वाऱ्यासारखा आवाज येतो. मग एका बोटाने तळहातावर टिपटिप. दोन बोटांनी रिमझिम. चार बोटांनी, आता सर आली. मांड्यांवर दोन्ही हातांनी थापा मारल्या की मुसळधार, आणि पाय आपटले की गडगडाट. हे सगळं एकदम नाही, एकेका मुलाने शेजाऱ्याकडून उचलायचं, म्हणजे पाऊस गोलातून फिरतो. मग उलट्या क्रमाने खाली यायचं: पाऊस ओसरला, पाऊस उघडला, पागोळ्या गळतायत. शेवटी एकच बोट चालू राहतं. दुसऱ्या फेरीपासून तुम्ही गप्प बसा आणि शब्द एका मुलाला पुकारू द्या. ते मूल 'मुसळधार!' म्हणून ओरडलं आणि खोली दणाणली, की तो शब्द त्याचा झाला.

त्यानंतर बरणीतला ढग. काचेच्या बरणीत दोन बोटं गरम पाणी, तोंडावर बर्फाचे खडे ठेवलेली बशी. झाकायच्या आधी काडी विझवून तिचा थोडा धूर आत सोडायचा (काडी मोठ्यांनीच पेटवायची). वाफ वर जाते, गार होते, धुराच्या बारीक कणांवर तिचे थेंब जमतात आणि आत पांढरा ढग फिरायला लागतो. इथे 'वाफ', 'गार', 'थेंब', 'दाटणं', 'विरणं' हे शब्द सांगावे लागत नाहीत, मुलं विचारतात. बशी उचलली की ढग बाहेर येतो आणि विरून जातो. हा क्षण दोनदा दाखवा.

आवारात डबकं असेल तर त्याच्या कडेने खडूने रेघ ओढून या. तासाच्या शेवटी पुन्हा बघितलं की 'आटलं' हा शब्द समोर दिसतो.

मोठ्या गटाची जुनी शिक्षिका

*

ताई, छान लिहिलंत. मी मोठ्या गटाबरोबर (९ ते १२) वाऱ्याची पट्टी केली होती, तिची माहिती देतो. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोराला ० ते १२ असे अंक दिले. पुढे जमिनीवरच्या खुणाही त्यांना जोडल्या गेल्या: ० ला धूर सरळ वर जातो, २ ला वारा चेहऱ्याला जाणवतो आणि पानं सळसळतात, ४ ला धूळ आणि कागद उडतात, ६ ला छत्री धरणं कठीण जातं. मुलांनी लांब पुठ्ठ्यावर अंक घातले, खुणांची चित्रं काढली आणि समोर मराठी शब्द कुठे बसतो यावर भांडली. झुळूक २ वर की ३ वर? सोसाट्याचा वारा ७ वर की ८ वर? त्या भांडणात ती अर्धा तास मराठीत बोलत होती. उत्तर एकच असं नाही, म्हणून तर वाद रंगतो. वावटळ कुठे लावायची हे कुणालाच ठरवता आलं नाही, कारण ती गोल फिरते. शेवटी तिला पट्टीच्या बाहेर वेगळी जागा मिळाली.

आणखी एक, घरी करण्यासारखं. वीज चमकली की मुलांनी 'एक हत्ती, दोन हत्ती' असं मोजायचं, गडगडाट ऐकू येईपर्यंत. एक हत्ती म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन हत्ती झाले की वीज अंदाजे १ किलोमीटरवर. नऊ हत्ती म्हणजे ३ किलोमीटर. मोजायचं घरातूनच, मैदानात किंवा झाडाखाली उभं राहून नाही. विजेची भीती वाटणारी मुलंही मोजण्यात गुंततात.

एक बाबा

*

दोघांनाही धन्यवाद. एक शंका. रिमझिम, सर, मुसळधार, पागोळ्या... घरी मराठी कमी बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला इतकं झेपेल का? आमच्या मुलीला अजून 'ढग' आणि 'आभाळ' यातला फरक सांगावा लागतो. आणि आमच्याकडे वळवाचा पाऊस म्हणतात, सासरी वळीव म्हणतात. नक्की कोणता शिकवायचा?

एक आई

*

ताई, झेपेल, पण एका दिवशी चारच. पहिल्या आठवड्यात टिपटिप, रिमझिम, मुसळधार आणि 'पाऊस उघडला', बस. तुमच्या मुलीने शब्द म्हटला नाही तरी चालेल, हाताने बरोबर आवाज काढला म्हणजे तिला कळलं आहे. बोलणं मागून येतं, घाई करू नका.

वळीव आणि वळवाचा पाऊस दोन्ही शिकवा. मी तर याचाच गृहपाठ देते: आजी-आजोबांना किंवा मावशी-काकांना फोन करायचा आणि विचारायचं, 'तुमच्याकडे आज हवा कशी आहे?' मग आपल्याकडची हवा सांगायची. एक नवा शब्द वर्गात घेऊन यायचा, आणि तो कुणी सांगितला तेही लिहायचं. कुणी 'मळभ' आणतं, कुणी 'झाकोळ', कुणी 'झड'. भिंतीवर ढगाच्या आकाराचे कागद लावलेले असतात, त्यावर मूल स्वतः लिहितं. मुलांना या फोनचा आधी थोडा धीर होत नाही, म्हणून वर्गात जोडीजोडीने सराव करून घ्या, पुठ्ठ्याचा फोन चालतो. पलीकडे आजी असली की बोलायला खरं कारण मिळतं. आजीला खरोखरच जाणून घ्यायचं असतं की नातू गारठला आहे का.

मोठ्या गटाची जुनी शिक्षिका

*

ठरलं तर. पहिल्या शनिवारी हातांचा पाऊस, दुसऱ्या शनिवारी बरणीतला ढग, तिसऱ्याला वाऱ्याची पट्टी, पण आमच्यासाठी फक्त ० ते ६. फोनचा गृहपाठ सगळ्या महिनाभर. बरण्या आणि पुठ्ठा मी आणते. दुसऱ्या शनिवारसाठी बर्फ आणि गरम पाण्याचा थर्मास कुणी आणेल का? आणि काडी पेटवायला एक मोठं माणूस वर्गात हवं, मला एका वेळी बरणीकडे आणि चौदा मुलांकडे बघता येणार नाही.

लहान गटाची स्वयंसेवक

*

बर्फ आणि थर्मास माझ्याकडून, काडीचं कामही करतो. साडेनवाला पोचतो.

एक बाबा