ठाणे खाडीत येणारं सांडपाणी पूर्ण शुद्ध केलं तर रोहित पक्षी उपाशी राहतील का?

ऐरोलीचा किनारा
घाटकोपर आणि भांडुपला नवी मलप्रक्रिया केंद्रं उभी राहताहेत. त्यावर हल्ली ऐकू येतं, की पाणी फार शुद्ध केलं तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जातील. मला हा युक्तिवाद अजिबात मान्य नाही. मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर चिखलावरचं शेवाळ वाढतं आणि लहान रोहित ही फ्लेमिंगोची जात ते खाते, इथवर खरं. पण तेच शेवाळ मेलं की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू ओढतात. खाडी ठाण्याच्या बाजूला उथळ आणि चिंचोळी होत जाते. तिथली घाण ओहोटीबरोबर पुरती बाहेर जात नाही, पुढच्या भरतीला बरीचशी परत येते. पाखरांसाठी मासे का मारायचे?

शिवडीकर
एवढं सोपं नाही ते. हे पक्षी इथे मोठ्या संख्येने यायला लागले ते नव्वदच्या दशकात, म्हणजे शहराचं सांडपाणी वाढत असतानाच. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, तो याच गढूळ खाडीला. खाद्य अचानक घटलं तर थवे जातील कुठे? आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी रोखा. जड धातूंवर कुठलंही पाखरू जगत नाही.

कोळीवाड्यातून
दादा, पाखरं आम्हालाही आवडतात. पण खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी किती मिळायची ते आमच्या सासूबाईंना विचारा. आता जाळ्यात प्लास्टिक येतं आणि मासळीला वास येतो म्हणून गिऱ्हाईक परत जातं. खाडीवर पोट फक्त रोहितांचं आहे का?

ऐरोलीचा किनारा
ताई, नेमकं हेच. आणि शिवडीकर, खाद्य अचानक घटणार नाही. इतक्या वर्षांचा फॉस्फरस गाळात साठलाय. तळाशी प्राणवायू संपला की तो पुन्हा पाण्यात सुटतो. नायट्रोजनचं निराळं: कांदळवनाच्या चिखलातले जीवाणू नायट्रेटचा (पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचा एक प्रकार) वायू करून हवेत सोडतात, पण त्यांचीही मर्यादा असते. फ्लोरिडातल्या टँपा उपसागरात १९८० च्या सुमारास मैलापाण्यातला नायट्रोजन काढायला सुरुवात झाली. पाणी निवळलं, समुद्री गवत हळूहळू परतलं आणि २०१४ च्या मोजणीत ते १९५० च्या दशकातल्या पातळीला पोचलं. तीन दशकं लागली त्याला! शिवाय शेवाळ जास्त म्हणजे रोहित जास्त, असंही नाही. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या, शेवाळ माजलं आणि रोहितांनी पाठ फिरवली.

शिवडीकर
टँपाचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे शेवाळ कमी झाल्यावर पाणी पारदर्शक झालं. आपल्या खाडीला गाळाचाच गढूळपणा आहे, उन्ह खोल जातच नाही. म्हणून तर रोहितांचं खाद्य ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर वाढतं. नायट्रोजन कमी केल्यावर त्या थराचं काय होईल, हे टँपावरून कसं सांगणार? ताईंचं म्हणणं मात्र मान्य. विष्ठा आणि कुजणारा मैला थांबलाच पाहिजे. माझी हरकत फक्त नायट्रोजन-फॉस्फरस एकदम शून्याकडे नेण्याला आहे.

ऐरोलीचा किनारा
शून्य कोण मागतंय? केंद्रं सुरू होण्याआधीपासून दर महिन्याला नायट्रेट, फॉस्फेट, प्राणवायू आणि चिखलावरच्या शेवाळाची मोजणी करा, आकडे लोकांपुढे ठेवा. पावसाळ्यानंतरचे आणि मे महिन्यातले वेगवेगळे, कारण पावसाचं पाणी खाडी धुऊन काढतं. पण मोजणी पुरी होईपर्यंत मैला सोडत राहा, याला माझा विरोधच राहील.

कोळीवाड्यातून
मोजायला होडी लागली तर आमची आहे. पण मोजताना चिंबोऱ्याही मोजा.